थ्रिलर लिहायलोय, शेवटी खुनी 'वेडा भाऊ' निघतो, बायको म्हणते फाडून टाक. काय करू?

जांबोटीचा_पाऊस:

नमस्कार मंडळी. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला, दिवसा उद्यमबागच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आणि रात्री सिनेमा लिहितो. आम्ही सहा-सात जण पदरचे पैसे घालून एक मराठी मिस्ट्री थ्रिलर करायलोय, प्रोड्युसर वगैरे कोण नाही, कॅमेरा मित्राचा लग्नाच्या शूटिंगचा आणि लोकेशन म्हणजे आत्याचं जांबोटीकडचं कौलारू घर, मागं विहीर, पलीकडं जंगल. गोष्ट थोडक्यात सांगतो.

बारा वर्षांपूर्वी आषाढात, चार दिवस पाऊस उघडलेला नाही, लाईट गेलेली, तशात घरचा कर्ता माणूस विहिरीत सापडतो. थोरल्या मुलाला त्याच्या आधीपासनं कानात आवाज ऐकू यायचे, धारवाडच्या मनोरुग्णालयात उपचार चालू होते. पोलिसांनी अपघात म्हणून लिहून घेतलं पण गावानं ठरवून टाकलं की पोरानंच झटक्यात ढकललं. आई त्या धक्क्यानं वर्षात जाते. धाकटी बहीण पुण्याला मावशीकडं वाढते, आता काकानं बोलावलं म्हणून ती परत येते, आणि ती आल्यावर त्या रात्री घरात असलेली दोन माणसं एकामागं एक मरतात. शेवटी कळतं की थोरलाच मारायलाय, बापाचा सूड म्हणून, आणि त्याला स्वतःलाच ते आठवत नाही कारण त्याच्या आत अजून एक माणूस राहतो.

मला हे लई भारी वाटत होतं. परवा बायकोला वाचायला दिलो. ती वाचून काही न बोलता भाकऱ्या थापायला गेली आणि तिथनंच म्हणाली, तुमच्या मामानं आयुष्यात कुणाला चापट तरी मारली होती काय? माझे मामा आजारी होते, वीस वर्षं माडीवरच्या खोलीत काढली त्यांनी, गेले तवा घरातले सगळे सुटलो म्हणाले. मीपण म्हणालो.

तर प्रश्न दोन आहेत. ट्विस्ट ठेवू की काढू, कारण हा काढला तर उरतं काय? आणि हॉस्पिटलचा एक सीन आहे, साखळ्या, शॉक, किंचाळणं, तो कितपत बरोबर आहे? स्पष्ट बोला, मी रागावणार नाही. रागावलो तरी तुम्हाला दिसणार नाही.

निपाणीचा_पंटर:

भावा तू 'आवाज ऐकू यायचे' लिहिलास तिथंच मला खुनी कळला. आता पब्लिक लई हुशार झालंय, पहिल्या दहा मिनिटांत ज्याच्यावर बोट दाखवलं तो खुनी नसतो आणि नसतो म्हणूनच असतो, इथपर्यंत लोक हिशोब करून बसत्यात. त्यात 'त्याच्या आत दुसरा माणूस' हे बघून बघून कंटाळा आलाय. वहिनींचं ऐक.

बाकी एक कामाचं सांगतो, मी दोन शॉर्टफिल्मला साऊंड केलोय. कौलारू घर, आषाढ, धो धो पाऊस आणि त्यात कुजबुजीचे डायलॉग, हे कागदावर छान वाटतंय, कॉलर माईक लावलास तरी पावसाचाच आवाज येणार. पाऊस खिडकीतनं दिसू दे, डायलॉग नंतर डब कर, नाहीतर तो सीन दिवाळीनंतर कर आणि दाराबाहेर पाईप लावून पाणी सोड. आणि जंगल म्हणजे भीमगडच्या हद्दीत जाणार असशील तर ते अभयारण्य आहे, फॉरेस्टची परवानगी काढ, उगीच कॅमेरा जप्त व्हायचा.

गोळ्यांची_पुडी:

मी शहापूरला मेडिकल चालवते, सतरा वर्षं झाली. डॉक्टर नाही, पण धारवाडच्या चिठ्ठ्या रोज माझ्या काउंटरवर येतात म्हणून बोलते.

पहिलं म्हणजे तुम्ही दोन वेगळे आजार एका माणसात कोंबलाय. कानात आवाज येणं, कोणीतरी आपल्यावर पाळत ठेवतंय असं वाटणं, हा स्किझोफ्रेनिया. आत दुसरा माणूस असणं हा त्यातला प्रकारच नाही, ती सगळी सिनेमावाल्यांनी केलेली भेसळ. आणि असला पेशंट प्रत्यक्षात कसा दिसतो ते सांगू? डोळे गरागरा फिरवत नाही. माझ्याकडे एक जण यायचा, दर महिन्याला आईबरोबर. हाताला कंप, चालताना हात हलायचे नाहीत, चेहऱ्यावर काही उमटायचं नाही, आणि आई पैसे देताना तो दाराशी उभा राहून समोरच्या दुकानाचा बोर्ड वाचत बसायचा, एकदा मराठीत एकदा कन्नडमध्ये. हालोपेरिडॉलसारख्या जुन्या गोळ्यांनी अंग असं आखडतं, म्हणून त्याबरोबर ट्रायहेक्सिफेनिडिल देतात, मग तोंड कोरडं पडतं. नवीन ओलान्झापाइन घेणारा जाड होतो आणि रात्री असा झोपतो की ढोल वाजवला तरी उठत नाही. लोक म्हणतात आळशी झालाय, काम नको म्हणून सोंग करतोय. तुमच्या हिरोला आळशी म्हणणारा एक जण तरी पाहिजे गोष्टीत, तो वेडा म्हणणाऱ्यापेक्षा जास्त लागतो.

शॉकचा सीन काढा. शॉक ट्रीटमेंट आजही देतात, कधी कधी जीव वाचवते, पण भूल आणि स्नायू सैल करायचं औषध दिल्याशिवाय द्यायला २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं बंदी आहे, साखळीनं बांधायलाही बंदी आहे. साखळीच दाखवायची असेल तर घरात दाखवा. हॉस्पिटलपेक्षा घरात जास्त बांधलेत लोकांनी.

आणि हो, आमच्या लहानपणी कोण चिडवायचं असलं की 'हिला धारवाडला टाका' म्हणायचे. त्या वाक्याला अजून अंगावर काटा येतो. ते गावच्या तोंडी येऊ द्या.

उताराबघा:

खानापूर कोर्टात उभा राहतो, त्यामुळे मला तुमच्या गोष्टीत खुनापेक्षा जमीन जास्त दिसायली, सवयीचा दोष.

काकानं बारा वर्षांनी पुतणीला का बोलावलं? हे तुम्ही लिहिलंच नाही आणि सगळी गोष्ट तिथं आहे. मी सांगतो का बोलावलं. सही पाहिजे म्हणून. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा मुलाइतकाच हक्क आहे, तिच्या सहीशिवाय विकत घेणाऱ्याचा वकील कागदाला हात लावत नाही. आता थोरल्याचं बघा. वेड्याची सही चालत नाही असं गावाला वाटतं, ते अर्धंच खरं. १८७२ च्या करार कायद्यात सरळ लिहिलंय की एरवी भ्रमिष्ट असणारा माणूस ज्या वेळी शुद्धीवर असतो त्या वेळी करार करू शकतो. म्हणजे काकाला सोयीचं असेल तवा पोरगा शुद्धीवर, गैरसोयीचं असेल तवा वेडा. असले काका मी आठवड्याला दोन बघतो.

दुसरं. तो विहिरीजवळ होता ना त्या रात्री? मग तो साक्षीदार आहे की. पुरावा कायद्याचं जुनं कलम ११८ बघा, प्रश्न समजून नीट उत्तर देता येत असेल तर आजारी माणूससुद्धा साक्ष देऊ शकतो, आजार आहे म्हणून आपोआप बाद होत नाही. शिवाय २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा म्हणतो की कोणाला मानसिक आजार आहे एवढ्यावरून तो भ्रमिष्ट ठरत नाही, ते ठरवणार कोर्ट. तरी त्याला कोणी विचारलं? पोलिसांनी यूडीआर, म्हणजे अनैसर्गिक मृत्यूची नोंद केली, पंचनामा झाला, फाईल बंद. तो बारा वर्षं खरं तेच सांगतोय आणि सगळे त्याला गोळी खा म्हणतायत, ह्यापेक्षा भीतीदायक मला तरी काही सुचत नाही.

तारखांना जपा. बारा वर्षांपूर्वीचा सीन असेल तर तवा १९८७ चा जुना कायदा होता, नवीन २०१८ च्या मे महिन्यात लागू झाला. आणि शेवटी कोर्टात 'वेडा म्हणून सुटला' असलं काही करू नका, पूर्वीचं दंड संहितेचं ८४ आणि आता न्याय संहितेचं २२ कलम, त्यात नुसता आजार दाखवून भागत नाही, कृत्य करताना आपण काय करतोय किंवा ते चुकीचं आहे हेच कळत नव्हतं एवढं आरोपीला दाखवावं लागतं. सिनेमात दोन मिनिटांत सुटतो तसं नसतं.

निपाणीचा_पंटर:

वकीलसाहेब फी किती? 😄 पण ह्यात अजून एक घाला की, कागद कन्नडमध्ये. माझ्या आज्जाला उतारा दाखवला की उलटा धरून होय होय म्हणायचा. पुण्यात वाढलेल्या बहिणीला तर एक अक्षर येणार नाही.

उताराबघा:

बरोबर बोलला. हे आमच्याकडे रोजचं आहे, पक्षकार मराठी, कागद कन्नड, मधे कोणीतरी 'काही नाही, नेहमीचंच आहे' म्हणून अंगठा घेतो. थोरला कन्नड शाळेत शिकलेला दाखवा. घरात तो एकटाच कागद वाचू शकतो.

गोळ्यांची_पुडी:

अगंबाई. बोर्ड वाचणारा.

सीमेवरचा_सोम्या:

मुळात मराठी माणसाला कन्नड कागदावर सही करायची वेळ का येते ह्यावर सिनेमा काढा ना, हे मानसिक वगैरे कशाला पाहिजे. हिंमत असेल तर १ नोव्हेंबरला शूट करा बेळगावात.

जांबोटीचा_पाऊस:

सोम्या, १ नोव्हेंबरला चन्नम्मा सर्कलला कर्नाटक राज्योत्सवाची गर्दी, इकडं मराठी माणसांचा काळा दिवस, मधे माझा लग्नाचा कॅमेरा. घरी जाऊ दे मला. तो विषय मोठा आहे, पण माझी बहीण कागद हातात घेऊन उभी आहे आणि तिला वाचता येत नाही एवढं दाखवलं तर तुझापण विषय त्यात आला की.

बाकीच्यांनो, रात्री झोपलो नाही. कन्नड वाचणारा भाऊ हे डोक्यात बसलंय. पोलिस ठाण्यात हवालदार कन्नडमध्ये विचारतो, बहिणीला कळत नाही, आणि भाषांतर कोण करतो तर हाच, ज्याच्याबद्दल हवालदार विचारायलाय. 'साहेब विचारताहेत की तुझ्या भावाला वेडाचे झटके येतात काय.' हा सीन मी पहाटे चार वाजता लिहिलो आणि एकटाच हसलो आणि मग मामा आठवले. मामा पण असंच, आपल्याबद्दल कोण काय बोललं ते दुसऱ्याच कोणाचं असल्यासारखं सांगायचे.

पण मग मारायलंय कोण? बहीण केली तर अंदाज लागतो. काका तर मरणाऱ्यातला.

माडीवरची_ताई:

कधी लिहीत नाही इथं, नुसती वाचते. माझा भाऊ तेवीस वर्षं आजारी आहे, चिकोडीकडचे आम्ही.

तुम्ही आईला वर्षात मारून टाकलात. का? आजारी मुलाची आई अशी मरत नाही हो. तिला परवडत नाही मरणं. आमच्या आईला मी काही झालं तरी आजारी पडलेली बघितली नाही. गाणगापूर करून आली, वाडी करून आली, दर्ग्याला जाऊन आली, मग धारवाड, आणि कुठं नेलं तरी संध्याकाळी आठ वाजता गोळ्यांची स्ट्रिप काढून मोजायची. लोक यायचे ते भावाबद्दल विचारायचे किंवा त्याला टाळायचे. आईकडं कोणी बघायचंच नाही. ती चहा ठेवायची, कप धुवायची. त्या घरात पाच माणसांसमोर ती काहीही बोलली असती तरी कोणाला ऐकू गेलं नसतं.

आणि दुःख म्हणाल तर ते एक वर्षात संपत नाही किंवा मारत पण नाही. आमच्या वडिलांना जाऊन अकरा वर्षं झाली, ती त्यांचा टॉवेल अजून धुऊन दोरीवर वाळत घालते. डॉक्टरांनी त्याला काहीतरी नाव सांगितलं होतं, लांबलेला शोक की काय. तिला नावाचं काही पडलेलं नाही.

भाऊ बरा आहे सध्या. बागेला पाणी घालतो. कोणाला मारलं नाही त्यानं कधी, त्यालाच मारलंय गावातल्या पोरांनी.

जांबोटीचा_पाऊस:

ताई, तुमचं वाचून मी वही बंद करून अंगणात जाऊन बसलो.

आई जिवंत आहे. ठरलं. ती रोज आठ वाजता गोळ्या मोजते. त्या रात्रीही मोजल्या होत्या, दोन गोळ्या देऊन पोराला झोपवलं होतं, म्हणजे पोरगा बापाच्या आरड्यानं उठला तो विहिरीपर्यंत पोचेस्तोवर सगळं होऊन गेलेलं. तिला बारा वर्षं माहीत आहे की ह्यानं केलं नाही. बोलली नाही, कारण दिराच्या घरातलं धान्य खायचं होतं आणि पोराच्या औषधाला पैसे तोच द्यायचा. आता मुलगी आली, कमवती आहे, पोराला सांभाळणारं कोणीतरी आलं. तवा ती सुरू करते. पुढं सांगत नाही, तिकीट काढून बघा. तिकीट नसणारच म्हणा, यूट्यूबवर टाकणार.

पुडीताई, एक विचारायचं राहिलं. एका आठवड्याच्या मोजणीत दोन गोळ्या जास्त गेल्यात हे बहिणीला जुन्या स्ट्रिपवरनं कळतं असं दाखवायचंय, आईनं सगळ्या रिकाम्या स्ट्रिपा ट्रंकेत ठेवलेल्या. चालेल काय? कोणी ठेवतं काय असल्या?

गोळ्यांची_पुडी:

दोन जास्त नका देऊ, एकदम डबल म्हटलं की प्रेक्षक आईवरच संशय घेईल आणि डोस वाढवायची आयडिया पण चांगली नाही, कोण बघून घरी करेल. नेहमीचीच एक द्या, त्यानंच झोपतो तो. स्ट्रिपवर पेनानं वार लिहिलेला दाखवा, बऱ्याच आया तसं लिहितात, सोम, मंगळ, बुध. त्या दिवसाची जागा फुटलेली आहे एवढं बहिणीला दिसलं की बास.

माडीवरची_ताई:

ठेवतात. आमच्याकडं बिस्किटाच्या डब्यात आहेत.

गोळ्यांची_पुडी:

रिकाम्या स्ट्रिपा माझ्याकडनं घेऊन जा, रविवार सोडून कधी पण या. भरलेली मागू नका, चिठ्ठीशिवाय मिळणार नाही, सिनेमावाले असलात तरी.

निपाणीचा_पंटर:

आईच्या रोलला कोण आहे? माझी आत्या नाटकात काम करायची. बोलत लई कमी आहे, पण कप असा धुती की आपणच घाबरतो.

जांबोटीचा_पाऊस:

नंबर पाठव. आणि बायको विचारतेय, त्या मामांच्या खोलीत शूट करणार असशील तर आधी झाडून घ्यायला कोण येणार.