९५ हजार चाललेली आरएस २३० घ्यावी का?

४० हजार किलोमीटर चाललेली पोलो जीटी देऊन ९५ हजार चाललेली, पुणे पासिंगची स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस २३० घ्यावी का, असं विचारलंत. आकड्याला घाबरू नका हो, कागद बघा. हिचा सहा गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, ओल्या (तेलात बुडालेल्या) क्लचचा. त्याचं तेल ६० हजार किलोमीटरला बदलल्याचं बिल नसेल तर मी तरी हात लावणार नाही. वॉटर पंपाजवळ कूलंटचे डाग आहेत का तेही पाहा, या इंजिनांचं ते जुनं दुखणं. सकाळी इंजिन थंड असतानाच जा, मग इंदूर-खंडवा रस्त्यावर सिमरोलपुढे भेरूघाट चढवा. एनओसी (पुण्याच्या आरटीओचा ना हरकत दाखला) आणि इंदूरला भरावा लागणारा रोड टॅक्स सौद्यातच धरा. बिलं चोख असतील तर मात्र घ्याच! २३० पीएसची (अश्वशक्ती) ताकद, शिवाय घरच्या सगळ्यांचं सामान मावेल अशी डिकी.