सवाल-जवाबाला ‘आपला फ्यूग’ म्हणू नका

खर्ज:
हल्ली कुठलीही जुगलबंदी रंगली की कौतुकानं ‘हा तर आपला फ्यूग’ म्हणायची टूम निघाली आहे. (फ्यूग म्हणजे पाश्चात्त्य संगीतातली रचना; तीत एकच चाल वेगवेगळे आवाज मागोमाग उचलतात.) मला पटत नाही. सवाल-जवाबात सतार तुकडा टाकते, थांबते, मग सरोद तो फेडतो. एकाचं चालू तेव्हा दुसरा गप्प. फ्यूगमध्ये दुसरा आवाज तोच विषय, म्हणजे मूळ चाल, बहुधा पंचमावरून उचलतो, पण पहिला थांबत नाही, तो त्यावर वेगळी सुरावट चालवत राहतो. पाखेलबेल या जर्मन संगीतकाराच्या कॅननमध्ये (ठरावीक अंतरानं तंतोतंत नक्कल करणारी रचना) तीन व्हायोलिनं एकच चाल वाजवतात. खालचं आठ सुरांचं आवर्तन एकदा फिरलं की पुढचं व्हायोलिन आत शिरतं, आधीचं चालूच. आपल्याकडे हे नाही, आणि नसल्यानं काही अडलेलंही नाही.

मींडवेडी:
सवाल-जवाब म्हणजे मैफलीतला टाळ्यांचा भाग. त्यावरून अख्ख्या संगीताचा निकाल लावायचा? विलंबित ख्यालाला सारंगीची साथ ऐका. गायिका निषादावरून मींड घेत, म्हणजे सूर न तोडता घसरत, षड्जावर येते. सारंगी तीच मींड किंचित मागून घेते, तोवर गायिका रिषभाला लागलेलीसुद्धा असते. दोघींचं एकाच वेळी चालू, चाल एकच, जराशी सरकलेली. आणखी काय हवं?

खर्ज:
ती सावली झाली. अंतर ठरलेलं नाही, आणि गायिका पुढे कुठे वळणार हे सारंगीवाल्याला ठाऊक नसतं. कॅनन लिहिणाऱ्याला चालीचा पहिला तुकडा तिसऱ्यावर बसतो की नाही हे आधीच जुळवावं लागतं. साथीत ती जबाबदारी कुणावरच नाही.

तिहाई:
‘जबाबदारी नाही’ हे एखाद्या साथीदारासमोर बोलून बघा! असो. जसरंगीला दोघेही विसरलात. पंडित जसराजांची मूर्च्छनेवर (सूर तेच, षड्ज मात्र दुसऱ्या सुरावर धरायचा) बेतलेली गायक-गायिकेची जुगलबंदी: गायकाचा मध्यम हा गायिकेचा षड्ज. तो अभोगी राग गातो (सा रे, कोमल ग, म ध). त्यातला म षड्ज धरला की तेच सूर सा ग प ध, कोमल नि होतात, म्हणजे तिचा राग कलावती. फ्यूगमध्ये जवाब, म्हणजे दुसऱ्या आवाजानं उचललेला विषय, पंचमावरून का येतो? वरच्या-खालच्या गळ्यांच्या पट्ट्यांत साधारण तेवढंच अंतर असतं. वेगळ्या पट्टीचे गळे एकत्र आणायचा पेच दोन्हीकडे सारखाच.

खर्ज:
पेच सारखा, मान्य. पण नक्कल कुठाय? त्याचं ‘सा रे ग’ तिनं आपल्या षड्जावरून तसंच घेतलं, तर तिचा रे म्हणजे त्याचा पंचम. अभोगीत पंचम नाही, कलावतीत रे नाही. एका फटक्यात दोन्ही राग गेले!

मींडवेडी:
म्हणून ती बदलून घेते. फ्यूगचा जवाब तरी कुठे नेहमी तंतोतंत असतो? मूळ पट्टी सुटू नये म्हणून त्यातही एखादा सूर हलवतातच. तिथे त्याला शास्त्र म्हणायचं आणि इथे ‘नक्कल कुठाय’?

खर्ज:
तिथे एखादा सूर हलतो, विषय ओळखू येतो. इथे ओळखू येतो का, एवढंच सांगा.