रोजचं वाचन लेवीयात अडतं, आणि ‘पूर्ण मनाने’ म्हणजे करायचं काय?

सदरची_वाचक

जय ख्रिस्त. आमच्या महिला संगतीने वर्षात अख्खं पवित्र शास्त्र वाचायचं ठरवलं आहे. रोज तीन-चार अध्याय, उत्पत्तीपासून सरळ. उत्पत्ती भराभर झालं. निर्गमात निवासमंडपाच्या (रानातल्या उपासनेच्या तंबूच्या) फळ्या, कड्या, पडदे आले तशा बायका मागे पडू लागल्या आणि लेवीयात निम्म्या थांबल्या. ज्या अजून वाचून राहिल्या त्याही म्हणतात की पुस्तक मिटलं की काय वाचलं ते सांगता येत नाही.

आराखडा बदलावा का, आणि बदलायचा तर कसा? दुसरा प्रश्न मनाला जास्त लागून आहे. अनुवाद ६:५ सगळ्यांना पाठ आहे, देवावर प्रीती करायची ती पूर्ण मनाने, पूर्ण जिवाने, पूर्ण शक्तीने. रोज अध्याय पूर्ण होतात, मन मात्र अर्धं राहतं. त्या ‘पूर्ण’पर्यंत जायचं कसं? करता येईल असं काही सांगा, ही विनंती.

मेकोसाबाग_पहाट

ताई, आधी हिशोब करू, कारण तुमच्या मैत्रिणींची अडचण भक्तीची कमी आणि हिशोबाची जास्त आहे.

६६ पुस्तकांचे अध्याय ११८९. जुन्या करारात ९२९, नव्यात २६०. सोमवार ते शनिवार रोज तीन आणि रविवारी पाच असं धरलं तर आठवड्याला २३, वर्षाला ११९६. म्हणजे वर्षभरात फक्त सात अध्यायांची उसंत. एक लग्न, एक आजारपण, पोरांच्या परीक्षेचा एक आठवडा, की आराखडा मोडलाच. शिवाय उत्पत्तीचे ५० आणि निर्गमाचे ४० मिळून ९०. या वेगाने १ जानेवारीला सुरू केलेला माणूस महिना संपता संपता लेवीयाच्या दारात उभा राहतो. नव्या वर्षाचा उत्साह ओसरतो त्याच आठवड्यात सगळ्यात अवघड पुस्तक समोर येतं.

माझं मत स्पष्ट आहे: घर सांभाळणाऱ्या बाईने दोन वर्षांचा आराखडा घ्यावा. रोज दोन अध्याय, आठवड्यातून सहा दिवस, १०४ आठवडे. होतात १२४८. म्हणजे ५९ अध्याय शिलकीत, जवळपास महिनाभराची सुट्टी. दोन धागे ठेवा. एका धाग्यात जुना करार, दुसऱ्यात नवा करार आणि स्तोत्रसंहिता. दुसरा धागा ४१० अध्यायांचा आहे, तो लवकर संपेल. तो संपला की दोन्ही धागे जुन्या करारात लावा. असं केलं की ज्या दिवशी लेवीयात कोड आणि बुरशीचे नियम येतील त्याच दिवशी लूकातला एखादा दृष्टांतही वाचला जाईल. एकाच प्रकारचं जेवण महिनाभर पडत नाही.

अगदी नवीन असणाऱ्यांसाठी याहून सोपं: फक्त नवा करार, आठवड्यातून पाच दिवस, रोज एक अध्याय. २६० भागिले ५, बरोबर ५२ आठवडे. शनिवार-रविवार मोकळे.

आणि एक नियम सगळ्यांना सांगा, तो मोडू देऊ नका. दिवस चुकला तर मागचं भरायला बसू नका, त्या तारखेचं वाचा. चार दिवस चुकले की वर्षाच्या आराखड्यात बारा ते चौदा अध्यायांचं कर्ज होतं, आणि कर्जदार माणूस सावकाराचं तोंड चुकवतो. तसंच बायबलचं होतं, ते कपाटावर चढतं. निर्गम १६ मध्ये मान्ना रोजचा रोज गोळा करायचा होता. ज्यांनी सकाळपर्यंत राखून ठेवला त्याला किडे पडले. चुकलेले अध्याय कुठे पळून जात नाहीत, पुढच्या फेरीत येतील.

आता निवासमंडप. निर्गम २५ ते ३१ मध्ये सूचना आणि ३५ ते ४० मध्ये तेच बांधकाम, म्हणून कंटाळा येतो. वाचायच्या आधी वहीत नकाशा काढा. एक हात म्हणजे एक मिलिमीटर धरा. अंगण १०० हात लांब, ५० हात रुंद, म्हणजे वहीवर १० सेंटिमीटर बाय ५. दार पूर्वेला. आत पश्चिमेकडे निवासमंडप ३ सेंटिमीटर बाय १. (एका बाजूला २० फळ्या, प्रत्येक दीड हात रुंद, त्यावरून ३० हात निघतात.) त्याचं शेवटचं १ सेंटिमीटर म्हणजे परमपवित्रस्थान. अंगणात दाराच्या बाजूला होमवेदी, ५ हात बाय ५, म्हणजे अर्ध्या सेंटिमीटरचा चौकोन. वेदी आणि मंडपाच्या मध्ये गंगाळ. हे काढायला दहा मिनिटं लागतात, आणि मग पुढच्या तेरा अध्यायांत प्रत्येक वस्तू कुठे ठेवली ते दिसतं. चालत आत गेल्यासारखं वाचता येतं. महिला संगतीत एकदा सगळ्यांनी मिळून काढा, फार छान होतं.

लेवीयाचंही तसंच, आधी आकार कळला पाहिजे. १ ते ७ अर्पणं: होमार्पण, अन्नार्पण, शांत्यर्पण, पापार्पण, दोषार्पण. ८ ते १० याजकांची दीक्षा आणि नादाब-अबीहूचा मृत्यू. ११ ते १५ शुद्ध-अशुद्ध. १६ प्रायश्चित्ताचा दिवस, हा पुस्तकाचा कणा. पुढे पवित्र जगण्याचे नियम. सुरू करायच्या आदल्या दिवशी इब्री ९ आणि १० वाचून घ्या. ती दोन्ही वाचली नाहीत तर लेवीय नुसती विधींची यादी वाटते. आणि १९:९-१० वर थांबा. शेताचे कोपरे गरिबांसाठी सोडायचे आहेत. पुढे रूथ वाचाल तेव्हा ती बवाजाच्या शेतात सरवा का वेचू शकते ते इथूनच कळतं.

कामठी_रोड

वरचा हिशोब चोख आहे. मी ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल बोलतो, कारण मला वाटतं खरा प्रश्न तोच आहे.

‘पूर्ण मनाने’ हे शब्द वाचले की आपण भावना शोधायला लागतो. प्रार्थनेत डोळे भरून आले तर मन पूर्ण, नाही आले तर अर्धं. हिब्रूत ‘लेव’ हा शब्द आहे आणि त्यात विचार करणं, ठरवणं, बेत करणं सगळं येतं. या बाबतीत आपली मराठी नशीबवान आहे. आपल्याकडे ‘मन’ आहे. मनात आणणं, मनावर घेणं, मन घालणं हे सगळं कृतीचं बोलणं आहे. अनुवाद ६:५ वाचताना ‘मनावर घेणं’ डोक्यात ठेवा.

मग कालेब पाहा, मोशेने कनान देश हेरायला पाठवलेल्या बारा जणांपैकी एक. परमेश्वराला पूर्णपणे अनुसरला असं त्याच्याबद्दल सहा वेळा लिहिलं आहे: गणना १४:२४, ३२:१२, अनुवाद १:३६, यहोशवा १४:८, ९ आणि १४. मूळ हिब्रू रचना शब्दशः ‘मागून चालणं भरलं’ अशी आहे. मधे मोकळी जागा सोडली नाही. ही सहाही वचनं एका बैठकीत वाचा, पंधरा मिनिटं लागतील. कालेब हेर म्हणून गेला तेव्हा ४० वर्षांचा होता आणि वतन मागायला आला तेव्हा ८५ चा. मधली ४५ वर्षं, त्यातला बराच काळ रानात, आणि तोही दुसऱ्यांच्या अविश्वासामुळे. या ४५ वर्षांत त्याला कसं वाटलं याबद्दल एक ओळ नाही. आणि शेवटी मागतो काय, तर अनाकी नावाचे धिप्पाड लोक राहतात तोच डोंगर.

उलट बाजूला यहूदाचा राजा अमस्या, २ इतिहास २५. दुसऱ्याच वचनात लिहिलं आहे की त्याने योग्य ते केलं, पण पूर्ण मनाने नाही. १०० किक्कार चांदी देऊन भाड्याचं सैन्य आणलं होतं, देवाच्या माणसाने सांगितलं म्हणून परत पाठवलं, पैसे बुडाले तरी. इतकी मोठी आज्ञा पाळली! आणि लढाई जिंकून येताना सेईरच्या लोकांचे देव घरी घेऊन आला. म्हणजे तो आज्ञा पाळत नव्हता असं नाही, एक खोली त्याने कुलूप लावून ठेवली होती. ताई, संगतीत गणना १४ आणि २ इतिहास २५ शेजारी शेजारी वाचा. ‘पूर्ण’ म्हणजे काय ते यापेक्षा उघड कुठे दिसत नाही.

हे रोजच्या वाचनात आणायचं तर दोन गोष्टी करा.

मोठ्याने वाचा. स्तोत्र १:२ मधल्या ‘मनन’ साठी हिब्रू शब्द ‘हागा’. तोच शब्द यशया ३१:४ मध्ये शिकारीवर गुरगुरणाऱ्या सिंहासाठी आहे आणि ३८:१४ मध्ये पारव्याच्या घुमण्यासाठी. म्हणजे ओठ हलले पाहिजेत. प्रेषितांची कृत्ये ८:३० मध्ये फिलिप्पाला रथातल्या माणसाचं यशया वाचणं ऐकू आलं, कारण तो मोठ्याने वाचत होता. पुस्तक मिटल्यावर आठवत नाही त्याचं निम्मं कारण हेच आहे की आपण वर्तमानपत्रासारखं डोळ्यांनी वाचतो. जीभ डोळ्यांइतकी पळत नाही, आपोआप वेग बसतो.

दुसरं, वहीत रोज एकच ओळ: आज काय करायचं, कोणासाठी, किती वाजेपर्यंत. ‘मी जास्त प्रेमळ होईन’ हे लिहू नका, ते कधी पूर्ण होत नाही आणि कधी मोडतही नाही. मत्तय ५:२३-२४ (आधी भावाशी समेट कर) वाचलं तर ‘धाकट्या जावेला दुपारी बाराच्या आत फोन’ असं लिहा. रात्री त्या ओळीवर बरोबरची खूण किंवा फुली. लूक १९:८ मध्ये जक्कय पश्चात्तापाच्या भावनेबद्दल काही बोलत नाही, आकडे बोलतो: अर्धी मालमत्ता गरिबांना, लुबाडलं असेल त्याला चौपट. सलग चार दिवस फुली एकाच प्रकारच्या गोष्टीवर पडली, समजा माफी मागण्यावर किंवा पैशावर, तर अमस्याची खोली सापडली. पुढचा आराखडा दोन दिवस थांबला तरी चालेल, तिथेच थांबून प्रार्थना करा.

सदर_रोजची_मिस्सा

आम्ही कॅथलिक. आमच्या बायबलमध्ये ७३ पुस्तकं, त्यामुळे वरचे आकडे आमच्याकडे जुळणार नाहीत. मंडळ्या वेगळ्या असलेली घरं आपल्याकडे बरीच आहेत, म्हणून सांगून ठेवते. आम्हाला आराखडा बनवावा लागत नाही. मिस्साची रोजची वाचनं ठरलेली असतात, आठवड्याच्या दिवसांचं चक्र दोन वर्षांचं आणि रविवारचं तीन वर्षांचं. फायदा असा की घरातली म्हातारी माणसं आणि ऑफिसला जाणारी मुलं तोच उतारा वाचतात, जेवताना त्यावर बोलता येतं. तोटा असा की उतारे निवडलेले असतात. पुस्तक सलग कळायचं तर वेगळं वाचावंच लागतं.

सदरची_वाचक

सगळ्यांचे मनापासून आभार. कालेबाची सहा वचनं बुधवारच्या बैठकीत घेते. अजून विचारते, माफ करा. दोन-तीन घरांत संध्याकाळची कुटुंबप्रार्थना आहे पण आठ-दहा वर्षांची मुलं चुळबुळ करतात. तिथे हेच अध्याय वाचावेत का? आणि ज्यांनी कधीच वाचलं नाही त्यांनी कुठून सुरुवात करावी?

मेकोसाबाग_पहाट

मुलांसोबत आराखड्याचे अध्याय मुळीच वाचू नका. तिथे दहा-बारा वचनांचा तुकडा, एकच प्रसंग. मार्क घ्या, १६ अध्याय आहेत आणि गोष्ट धावते. मार्क २:१-१२ पाहा: छप्पर उसकटून पक्षाघाती माणसाला खाली सोडलं. बरोबर बारा वचनं, पाच मिनिटांत वाचून होतं. प्रत्येकाने दोन वचनं वाचायची, सगळ्यात धाकट्याने पहिलं. मग एकच प्रश्न: या ठिकाणी तू कुठे उभा असतास? उत्तर चूक-बरोबर करत बसू नका. प्रार्थनेसह पंधरा मिनिटांत संपवा. डिसेंबरात लूक घ्या, २४ अध्याय, १ तारखेपासून रोज एक, नाताळच्या आदल्या संध्याकाळी संपतो. मात्र मुलांसाठी प्रत्येक अध्यायातून एकच प्रसंग.

नवख्यांसाठी मत्तय ५ ते ७, डोंगरावरील प्रवचन. एकूण १११ वचनं. रोज आठ धरली तर चौदा दिवस. रेव्हरंड नारायण वामन टिळकांना राजनांदगावला जाताना आगगाडीत नवा करार मिळाला आणि त्यांना धरून ठेवलं ते याच तीन अध्यायांनी. १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. आपल्या मराठी माणसाला हा भाग आजही थेट भिडतो.

कामठी_रोड

पहाटवाल्यांच्या वेगाच्या गणिताला एक जोड देतो. स्कॉटलंडचे पाळक रॉबर्ट मरे मॅकशेन यांनी १८४२ साली आपल्या मंडळीसाठी वर्षाचा आराखडा केला. जुना करार एकदा, नवा करार आणि स्तोत्रं दोनदा. आजही जगभर वापरतात. पण तो देतानाच त्यांनी त्यातले धोकेही लिहून दिले: वाचन नुसता रिवाज होणं, वाचलं म्हणून स्वतःला नीतिमान समजणं, निष्काळजीपणे वाचणं, आणि न पेलणारं जू मानेवर येणं. बैठकीत महिन्यातून एकदा हे चार प्रश्न म्हणून एकमेकींना विचारा. आपण कितीव्या अध्यायावर आहोत हे विचारण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

गोधनी_बाइंडर

पुस्तकाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. बायबलचा कागद फार पातळ असतो. जेल पेन आणि हायलायटर मागच्या पानावर उमटतात, दोन वर्षांत दोन्ही बाजू वाचता येत नाहीत. मऊ शिसपेन्सिल वापरा, २बी, टोक बोथट करून, आणि जोर न देता. टोकदार कडक पेन्सिलीने पानावर चर पडतो आणि तिथूनच ते फाटतं. एप्रिल-मे महिन्यात बायबल उघडं ठेवून कूलरसमोर बसू नका. पाण्याच्या हवेने पानं दमटून फुगतात, कडा लहरी होतात, मग पुस्तक नीट मिटत नाही आणि शिवण ताणली जाते. कूलरकडे पाठ करून बसा. एका फितीऐवजी दोन ठेवा, दोन धाग्यांना दोन. दुसरी फीत डिंकाने चिकटवू नका, पाठीच्या कण्यात वरून सरकवली की पुरते.

सदरची_वाचक

हे तर कोणीच सांगितलं नव्हतं, धन्यवाद भाऊ. शेवटचं एकच. गणना ७ मध्ये ८९ वचनं आहेत आणि बारा वेळा तेच तेच. आमच्यापैकी बऱ्याच जणींना ते सोडून द्यायचं आहे. सोडावं का?

कामठी_रोड

सोडू नका, वाटून वाचा. बारा वंशांचे बारा सरदार एकेका दिवशी तेच अर्पण आणतात. पहिला नहशोन बेन अम्मीनादाब (बेन म्हणजे मुलगा), यहूदाचा. त्याचं अर्पण एकीने पूर्ण वाचावं: १३० शेकेल वजनाची चांदीची परात, ७० शेकेलचा कटोरा, १० शेकेलचं सोन्याचं धूपपात्र, आणि पुढचे बैल, मेंढे, कोकरं. मग बाकीच्यांनी एकेक सरदार घ्यावा आणि आपला भाग पूर्णच वाचावा, ‘वरीलप्रमाणे’ म्हणू नये. तुम्ही दहा-बारा जणी आहात, बारा सरदार आहेत, बरोबर बसतं. बाराव्या दिवशी नफतालीचा अहीरा बेन एनान येतो. त्याचीही परात १३० शेकेलचीच, तरी त्याच्या नावाखाली ती सगळी पुन्हा लिहिली आहे. तो भाग संगतीतल्या सगळ्यात अबोल बाईला द्या.