व्हिएतनामी घर दाखवणारे सिनेमे सुचवा (युद्धपट नकोत, आई सोबत बसणार आहे)

धाकट्या भावाचं लग्न ठरलंय. मुलगी व्हिएतनामची, हो ची मिन्ह शहरातली. दोघं तिथं एकाच ऑफिसात आहेत. दिवाळीनंतर तिचे आईवडील सांगलीला आमच्याकडे येतायत. आईचा विरोध वगैरे काही नाही, पण ‘ती माणसं घरात कशी राहतात ते तरी दाखव मला’ असं तिनं फर्मावलंय. शोधायला बसले तर निम्मे सिनेमे अमेरिकन सैनिकांचे. त्यात व्हिएतनामी माणूस दिसला तर झाडीतून पळतानाच.

आईची काळजी कुठून सुरू झाली तेही सांगते. परवा व्हिडिओ कॉलवर होणारी भावजय भावाला सारखं ‘आन, आन’ करत होती. आईनं अर्थ विचारला. आमच्या शहाण्यानं सरळ सांगून टाकलं, ‘दादा’. आईनं कपाळाला हात लावला. तिकडे बायको नवऱ्याला ‘आन’ म्हणजे थोरला भाऊ आणि नवरा बायकोला ‘एम’ म्हणजे धाकटं भावंड म्हणतो, हे त्यानं नंतर समजावलं, पण तोवर आई उठून देवघरात गेली होती.

तर प्रेक्षक तिघी: आई (७१), मी आणि माझी दहा वर्षांची लेक. सबटायटल्स इंग्रजी असतात, ती मी मराठीत वाचून दाखवते, त्यामुळे फार भराभर बोलणारी पात्रं झेपत नाहीत. आणि आईसमोर घाईघाईनं रिमोट शोधायची वेळ येऊ नये.

एक पाहून झालाय. ‘द सेंट ऑफ ग्रीन पपाया’, त्रान आन हुंग यांचा, १९९३चा. १९५१च्या सायगावमध्ये (म्हणजे आताचं हो ची मिन्ह शहर) मुई नावाची लहान मुलगी एका घरात कामाला येते. संवाद इतके कमी की मला काम असं नव्हतंच. म्हातारी मोलकरीण तिला कच्ची पपई करायला शिकवते. किसणी नाही, फळ हातात उभं धरून त्यावर सुरीचे सटासट घाव घालायचे आणि मग वरून तासायचं. आई टीव्हीला म्हणाली, ‘हात सांभाळ गं बाई!’ त्या घरातला बाप पैसे घेऊन परागंदा होतो, आजी वरच्या मजल्यावर देवापुढे बसून असते, आणि कापडाच्या दुकानावर घर चालवते ती सून. आई म्हणाली, ‘आपल्यासारखंच की.’ कौतुकानं म्हणाली की कसं, ते कळलं नाही.

असे आणखी सुचवा.

प्रतिसाद १
सुरुवात चांगली केलीत. गंमत म्हणजे त्यातलं सायगाव सायगावच नाही, अख्खा सिनेमा फ्रान्समध्ये सेट लावून केलाय. पण त्याच दिग्दर्शकाचा ‘सायक्लो’ आईला लावू नका. व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात गोल्डन लायन पुरस्कार मिळाला असला तरी रक्तपात फार आहे. त्यांचाच ‘द व्हर्टिकल रे ऑफ द सन’ (२०००) हनोईतल्या तीन बहिणींचा. सुरुवातच आईच्या वर्षश्राद्धाच्या स्वयंपाकानं होते, ते बघण्यासारखं आहे. पुढे नवऱ्यांची लफडी निघतात, तेव्हा आधी एकट्यानं बघून ठरवा.

माझं मत विचाराल तर ‘व्हेन द टेन्थ मंथ कम्स’. १९८४चा, कृष्णधवल, दिग्दर्शक दांग न्यात मिन्ह. युद्ध आहे, पण पडद्याबाहेर. ज़ुयेनचा नवरा सीमेवर मारला गेलाय, ही बातमी तिला एकटीलाच कळलीय. आजारी सासऱ्याला धक्का बसू नये म्हणून ती गावच्या मास्तरांकडून नवऱ्याच्या नावानं पत्रं लिहून घेते. गावच्या नाटकात तिला भूमिका कुठली मिळते? युद्धावर निघालेल्या नवऱ्याला निरोप देणाऱ्या बायकोची.

प्रतिसाद २
मी सायगावातच राहते (इथले लोक रोजच्या बोलण्यात अजून सायगावच म्हणतात). वरचे सगळे सिनेमे थोर आहेत, पण माझ्या शेजारणी रडतात ते वेगळ्या सिनेमांना. ‘डॅड, आय अ‍ॅम सॉरी’ (२०२१) बघा. गल्लीतलं घर, तुंबलेलं पाणी, सगळ्यांसाठी राबणारा बाप आणि यूट्यूबर मुलगा. चार भावंडांची नावं जाऊ, सांग, फू, क्वी. ओळीनं म्हटली की ‘धनदौलत, मानमरातब’ असा अर्थ, आणि खिशात दमडी नाही! मात्र सगळी एकाच वेळी ओरडतात, तुमचा घसा बसेल.

त्यापेक्षा ‘फेस ऑफ ७: वन विश’ (२०२४), ली हाय यांचा. ७३ वर्षांची आई पाय मोडून पडते. पाच मुलं, आणि तिला सांभाळायचं कुणी? इथं म्हणच आहे, एक आई दहा पोरं पोसते, दहा पोरांना एक आई पोसवत नाही. तुमची आई बघून तुमच्याकडे कशी बघेल याची जबाबदारी माझी नाही.

लेकीसाठी ‘यलो फ्लॉवर्स ऑन द ग्रीन ग्रास’ (२०१५). खेड्यातले दोन भाऊ. मत्सरापायी थोरला धाकट्याला फार वाईट मारतो, ते तिला आधी सांगून ठेवा.

नात्यांची हाक मात्र सबटायटलमध्ये हरवते. बापाचा थोरला भाऊ ‘बाक’, धाकटा ‘चू’, इंग्रजीत दोघंही अंकल. दक्षिणेत घरातल्या थोरल्याला ‘हाय’ म्हणतात, म्हणजे ‘दुसरा’. पहिला नंबर कुणाला देतच नाहीत. व्याह्यांना भेटण्याआधी हे भावाकडून पाठ करून घ्या.

प्रतिसाद ३
‘द थर्ड वाइफ’ घरगुती नावावर जाऊन लावू नका. चौदा वर्षांची नवरी आहे. सिनेमा चांगला, पण लेकीसोबत अजिबात नको.

मी (धागाकर्ती)
सगळ्यांचे आभार. रविवारी ‘टेन्थ मंथ’ लावला. सासऱ्याला पहिलं पत्र वाचून दाखवतात तिथं मी सवयीनं मराठीत सुरू केलं, तर आईनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. ‘वाचू नकोस. कळतंय.’ पुढचा अर्धा तास मला सुट्टी.

आता ‘फेस ऑफ ७’ लावायचाय, भाऊ येईल तेव्हाच लावते, एकटी कशाला बोलणी खाऊ? सायगावच्या ताई, एक विचारायचं राहिलं. तिकडे घरात पूर्वजांचा देव्हारा असतो ना, त्यापुढे ठेवायला आईला इथून काहीतरी पाठवायचंय. लाडू चालतील का?