वारशाची बंदूक वाड्यात ठेवायची की जमा करायची?

मालगुजारी दप्तर
थेट मुद्द्यावर येतो. भंडारा-चंद्रपूरकडच्या मालगुजारांच्या आणि वऱ्हाडातल्या देशमुख-पाटलांच्या वाड्यांत अजून दुनळ्या, ठासणीच्या बंदुका, क्वचित एखादी रायफल आहे. घरची पोरं पुण्या-नागपुरात, वाड्यात दोन म्हातारी माणसं, आणि दिवाळीनंतर कापूस वेचणीला आख्खं घर वावरात. दसऱ्याला बंदूक पाटावर मांडायची, हळदकुंकू वाहायचं आणि तोच फोटो स्टेटसला टाकायचा. मग ती कुठल्या खोलीत असते हे पंचक्रोशीला वेगळं सांगावं लागत नाही. चोर येतो सोन्यासाठी, बंदूक त्याला वरकड मिळते. पुढे कोणी नळी कापून आखूड करतो, कोणी रानडुकरामागे जंगलात फिरवतो, आणि धागेदोरे येतात ते आपल्या परवान्यापर्यंत. माझं मत स्पष्ट आहे: परवाना चालू ठेवा, पण बंदूक सेफ कस्टडीचा, म्हणजे दुसऱ्यांची शस्त्रं सांभाळून ठेवण्याचा, परवाना असलेल्या विक्रेत्याकडे जमा करा. हवी तेव्हा परवाना दाखवून आणता येते.

तुरीचं वावर
जमा करून ठेवाले बंदूक काय लोणचं हाय का भाऊ? तालुक्याले डीलर नाही, नागपूर नाही त अमरावती गाठा लागते. रोही (नीलगाय) रातच्यान तुरीत येते, डुक्कर हरभरा उकरते, अन् बंदूक तिकडं कस्टडीत! मंग परवाना कायले ठेवाचा? शस्त्र कायद्याच्या कलम १३ मधी पीक राखाले ठासनीच्या बंदुकीचा परवाना देयाची सोय उगाच नाही केली. अन् ठाण्यात जमा केली त त्याहूनबी बेकार. निवडनुकीत जमा झालेल्या दुनळ्या पाहा एकदा. सुतळीनं बांधून भिंतीले टेकवल्या असते, वापस येते तवा नळीत गंज अन् दस्त्याले चिरा. घरात बंदूक हाय हे गावाले मालूम असलेलंच बरं, चोर इचार करते.

नळी आणि दस्ता
शेवटचं वाक्य सोडून बाकी तक्रार रास्त आहे. बंदूक आहे हे माहीत झाल्याने चोर थांबत नाही, तो फक्त घर रिकामं असण्याची वाट पाहतो.

पण जमा करा म्हणणाऱ्यांनी घरच्या बंदोबस्ताचा विचार पुरता केलेला दिसत नाही. आपल्याकडे बंदूक असते कपड्यांच्या लोखंडी कपाटात. त्याचा पत्रा २० किंवा २२ गेजचा, म्हणजे एक मिलिमीटरपेक्षाही पातळ. सब्बल घातली की दोन झटक्यांत दार वाकतं. कपाट किमान ३ मि.मी. प्लेटचं बनवून घ्या, बिजागऱ्या आतून. पुढची चूक ते भिंतीला ठोकण्याची. वाड्याच्या भिंती दोन-दोन फूट रुंद असल्या तरी पांढऱ्या मातीच्या. ड्रिल लावलं की भोकातून भुगा पडतो आणि अँकर बोल्ट हाताने ओढला तरी निघून येतो. म्हणून बोल्ट भिंतीत नको, जमिनीत हवेत. कोपऱ्यात १:२:४ प्रमाणाचा १५ सें.मी. जाडीचा काँक्रीटचा थर टाका, त्यावर सात दिवस पाणी मारा, मग १२ मि.मी.चे चार अँकर बोल्ट कपाटाच्या तळातून आवळा. दाराची कुलपाकडची कड बाजूच्या भिंतीला चिकटून ठेवा. तिथे सब्बलीला झोक द्यायला जागाच राहत नाही.

दुनळीचं एक बरं असतं, ती तीन तुकड्यांत सुटते: नळ्या, दस्ता आणि नळीखालचा पुढचा लाकडी हात. हा हात काढून दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवला की चोराच्या हाती अर्धवट बंदूक लागते, कारण त्याच्याशिवाय नळ्या जागेवर टिकत नाहीत. जुन्या बंदुकांचा हा भाग त्या-त्या बंदुकीला हाताने घासून बसवलेला असतो, दुसरीचा चालत नाही. तेव्हा तो स्वतःच हरवू नका म्हणजे झालं. काडतुसं तिसऱ्या ठिकाणी.

गंजाचं म्हणाल तर बहुतेक वेळा खरी दोषी असते बंदुकीची चामड्याची खोळ. पावसाळ्यात ती ओल धरते आणि चामडं कमावताना वापरलेलं रसायन लोखंडाला खातं. खोळ फक्त प्रवासात वापरा. कपाटात अर्धा किलो सिलिका जेल कापडी पिशवीत ठेवा, जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी तापवून कोरडं करा. स्वयंपाकाच्या कढईत मात्र नको, निळ्या दाण्यांत कोबाल्ट असतं. आणि बंदूक नळीचं तोंड खाली करून उभी ठेवा. तोंड वर असलं की तेल ओघळून दस्त्याच्या सांध्यात मुरतं, लाकूड मऊ पडतं आणि सांधा ढिला होतो.

मुद्देमाल
कुलूप तुटतंच, उशिरा का होईना. बंदूक परत मिळते की नाही हे ठरतं तक्रारीतल्या एका ओळीवर, आणि ती ओळ दहांपैकी आठ जण चुकवतात.

कागदांवर तीन वेगळे क्रमांक असतात. परवाना क्रमांक, संगणकीय नोंदीचा यूआयएन आणि बंदुकीवर ठोकलेला शस्त्र क्रमांक. घाईत फिर्यादीत परवाना क्रमांक जातो, वर्णन ‘१२ बोअर दुनळी, जुनी वापरती’ एवढंच. वर्षभराने तीच बंदूक बालाघाट किंवा आदिलाबादकडे सापडली, तर तिथल्या ठाण्याच्या हातात असतो फक्त शस्त्र क्रमांक, आणि तो आपल्या फिर्यादीत कुठेच नाही. दुसरा घोळ अंकांचा. मराठी फिर्यादीतला १ परप्रांतातला माणूस नऊ वाचतो आणि ४ आठ वाचतो. म्हणून शस्त्र क्रमांक मराठी अंकांत, इंग्रजी अंकांत आणि अक्षरांत, असा तीनदा लिहायला लावा. ठाणे अंमलदार कुरकुरेल, कुरकुरू द्या.

क्रमांक आजच उतरवून घ्या. जुन्या विलायती दुनळीवर तो सहसा घोड्याच्या कडीमागच्या पट्टीवर, नळ्या काढल्यावर खालच्या सपाट भागावर आणि पुढच्या हाताच्या लोखंडावर असतो. तिन्ही जुळतात का पाहा. पातळ कागद ठेवून शिसपेन्सिल घासली की ठसा उठतो, त्याखाली तारीख टाका. बर्मिंगहॅम किंवा लंडनचे प्रूफचे (नळीच्या चाचणीचे) शिक्के, कुलपाच्या पट्टीवरची नक्षी, दस्त्यावरची चीर, सगळ्याचे पट्टी धरून फोटो. नळी दमास्कसची, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून बनवलेली, असेल तर तिची वळणदार नक्षी जवळून टिपा, दोन नळ्यांची नक्षी तंतोतंत सारखी नसते. क्रमांक घासलेला असला तरी हार मानू नये: ठोकताना धातू खोलवर दबलेला असतो, प्रयोगशाळेत आम्ल लावलं की घासलेले अंक बरेचदा उठून दिसतात. आणि घासलेल्या क्रमांकाची बंदूक ज्याच्याकडे सापडेल, त्यानेच घासला असं कलम ८ गृहीत धरतं, तो तसं नाही हे सिद्ध करेपर्यंत.

मालगुजारी दप्तर
हे सगळं मान्य. पण एवढं बारकाईने करणारी घरं किती? आणि एक अवघड प्रश्न कोणी काढलाच नाही. परवानाधारक वडील वारले, मुलांनी काही केलं नाही, बंदूक दहा वर्षं माळ्यावर, आणि मग चोरी झाली. अशा घरात फिर्याद द्यायलाच भितात, कारण विनापरवाना बाळगणं हा गुन्हा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान दोन वर्षं, जास्तीत जास्त पाच. मग जमा करणं शहाणपणाचं नाही का?

मुद्देमाल
त्या घरांसाठी जमा करणं हा सल्ला राहत नाही, ते बंधनच आहे. ताबा बेकायदा झाला की विनाविलंब ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे द्यायची, कलम २१. पण जमा करून विसरू नका. ठरलेल्या मुदतीत वारसाने परवाना करून सोडवली नाही, तर नोटीस देऊन जिल्हाधिकारी ती सरकारजमा करू शकतात. तुमच्या ‘जमा करा’मध्ये ही अट लिहिलेली नव्हती.

वडील हयात असतानाच काम उरका. ते ७० वर्षांचे झाले किंवा त्यांनी बंदूक २५ वर्षं बाळगली, यातलं जे आधी होईल तेव्हा ती वारसाच्या नावे करण्याचा अर्ज करता येतो, २०१६ च्या शस्त्र नियमांत सोय आहे. वारसांत सून आणि जावईही येतात. मर्यादा मात्र दोन बंदुकांची, वारसा असला तरी. तिसरी जमा करायला डिसेंबर २०२० पर्यंत मुदत होती, ती कधीच उलटली. चोरी झालीच असेल तर वकिलाला गाठून त्याच दिवशी ठाण्यात जा. पुढे त्याच बंदुकीने कुणाचा जीव गेला तर क्रमांकावरून माग मयत बापाच्या परवान्यापर्यंत येणारच, तेव्हा ‘चोरी झाली होती’ हे कोण ऐकणार?

तुरीचं वावर
आमच्याकडं बऱ्याच ठासनीच्या बंदुकीवर नंबरच नसते, गावच्या लोहारानं बनवेल. त्याचं काय?

नळी आणि दस्ता
परवान्यावर चढलेली असेल तर शस्त्र शाखेत अर्ज देऊन ओळखखूण ठोकून घ्या, स्वतः छिन्नीने कोरू नका. अगदीच निकामी आणि दुरुस्तीनेही चालणार नाही अशी असेल, तर कलम ४५ ची सूट लागू होऊ शकते. ‘चालणार नाही’ हे मात्र घरच्या सांगण्यावरून ठरत नाही, लेखी अभिप्राय घ्या. शिवाय डुकरावर गोळी झाडायला बंदुकीच्या परवान्याइतकीच वनखात्याची परवानगी लागते, हे पीक राखणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

मुद्देमाल
चोरीची बंदूक सापडल्यानंतरचं राहिलं होतं. पोलिसांनी ‘अ समरी’ अहवाल देऊन तपास बंद केला म्हणजे संपलं असं समजू नका. त्याचा अर्थ गुन्हा खरा पण तपास लागला नाही, पुढे धागा मिळाला तर तपास पुन्हा उघडतो. तेव्हा परवान्याचं नूतनीकरण चालू ठेवा, बंदूक हातात नसली तरी. परत देताना न्यायालय पहिलं तेच पाहतं. बंदूक जप्त झाली की नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ किंवा ५०३ खाली सुपुर्दनाम्याचा, म्हणजे बंदूक आपल्या ताब्यात मिळण्याचा, अर्ज न्यायालयात करा. सोबत परवाना, क्रमांकाचा ठसा, फोटो आणि शस्त्र शाखेचं ना-हरकत पत्र. मुद्देमाल पंधरा दिवस ते महिन्याच्या वर ठाण्यात पडून राहू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सुंदरभाई देसाई प्रकरणात म्हटलंय, ते अर्जात लिहा. ताबा पावतीवर सही करण्याआधी पंचांसमोर नळ्या काढून आतला गंज, दस्ता आणि पुढचा हात तपासा. तो हात हमखास गहाळ असतो, कारण जप्तीच्या पंचनाम्यात ‘बंदूक, एक नग’ असंच लिहिलेलं असतं.