मर्टल आणि ऑड्युबन: एक प्रजाती की दोन?

सॅन होजेकर: आज खिडकीबाहेरच्या ओकवर दोन यलो-रम्प्ड वॉर्बलर, उत्तर अमेरिकेतले छोटे पक्षी. शेपटीच्या बुडाशी दोघांच्याही तोच पिवळा ठिपका, ज्यावरून इथले लोक त्यांना 'बटरबट' म्हणतात. पण एकाचा गळा पिवळा, तो ऑड्युबन. दुसऱ्याचा पांढरा, आणि ती पांढरी पट्टी गालाखालून मागे वळलेली, तो मर्टल. हाकही वेगळी. तरी पक्ष्यांच्या यादीत दोघं मिळून एकच प्रजाती, कारण 1973 मध्ये अमेरिकन ऑर्निथॉलॉजिस्ट्स युनियन या पक्षिशास्त्रज्ञांच्या संघटनेने त्यांना एकत्र केलं. मर्टल विणीला अलास्का ते पूर्व कॅनडाच्या जंगलांत, ऑड्युबन पश्चिमेच्या डोंगरांत. हिवाळ्यात पहिला बहुतेक आग्नेय अमेरिका नि कॅरिबियनला, दुसरा नैर्ऋत्येला, मेक्सिकोकडे. अजून काय वेगळं हवं?

पाणकावळा: गळ्याच्या रंगाने प्रजाती ठरते का? कॅनेडियन रॉकीजमध्ये दोघांची हद्द मिळते, तिथे खुशाल जोड्या जमतात आणि पिल्लंही होतात. त्यांना एकमेकांचं वावडं नाही, मग आपल्याला का असावं?

सॅन होजेकर: जमतात, पण जिथे हा संकर होतो तो पट्टा किती अरुंद! ब्रेल्सफर्ड आणि अर्विन या संशोधकांनी 2009 मध्ये हेच मांडलं: जोडीदार निवडताना फारसा भेद नाही, तरी पट्टा पसरत नाही. म्हणजे संकरज पिल्लांचं कुठेतरी बिनसतं. मला संशय स्थलांतराचा. बापाची वाट मेक्सिकोची, आईची फ्लोरिडाची, पोरानं जायचं कुठं?

पाणकावळा: संशय तुमचा, पुरावा नाही. आणि उत्तरेकडच्या ऑड्युबनमध्ये मर्टलचा माइटोकॉन्ड्रियल डीएनए सापडतो, तो आईकडूनच येतो. म्हणजे सोयरीक जुनी आहे.

जर्सीची मावशी: आमच्याकडे बहुतेक मर्टलच, त्यामुळे भांडण तुमचं. जानेवारीत न्यू जर्सीच्या 'केप मे' इथे जाऊन बघा. बाकीचे बहुतेक वॉर्बलर कधीच दक्षिणेला गेलेले असतात, हा मात्र बेबेरी नावाच्या झुडपाच्या मेणचट फळांवर तग धरून. ते मेण पचवणारे पक्षी थोडेच. आणि कृपया याला 'वटवट्या' म्हणू नका. आपले वटवटे निराळ्या कुळातले.

सॅन होजेकर: मावशी, मान्य. पण यांचा तिसरा भाऊ, ग्वातेमालाचा गोल्डमन वॉर्बलर? तो तिथल्या उंच डोंगरातून हलतच नाही, तरी याच पोत्यात कोंबलाय.

पाणकावळा: गोल्डमनला सोडा, हरकत नाही. तुमच्या ओकवरचे दोघे मात्र एकच.