मदत हवी आहे: मुलीला कमी ऐकू येतं, कारण शोधायला आधी कुठली टेस्ट करावी?

नमस्कार मंडळी, माझी मुलगी दीड वर्षाची आहे, बेरा टेस्टमध्ये (आवाजाला कानाची नस आणि मेंदू कसा प्रतिसाद देतात ते बघणारी तपासणी) दोन्ही कानांत सेन्सरीन्यूरल लॉस, म्हणजे आतल्या कानाच्या किंवा नसेच्या दोषामुळे कमी ऐकू येणं, निघाला, ऐकण्याचं मशीन लावलंय आणि आता बेल वाजली की मान वळवते, इतकं बरं वाटतं बघून! पण कारण अजून कळलेलं नाही. घरात कोणालाच असं नाही म्हणून नातेवाईक म्हणतात आनुवंशिक नसणारच, पण डॉक्टर म्हणाले आईवडिलांना नीट ऐकू येत असलं तरी दोघांकडून एकेक सदोष जीन आला की होऊ शकतं, जीजेबी२ नावाचा जीन त्यातला कॉमन.

दुसरी शंका सीएमव्हीची (सायटोमेगॅलोव्हायरस नावाच्या विषाणूची). गरोदरपणात इन्फेक्शन झालं असेल तर बाळाची लाळ किंवा लघवी जन्मापासून २१ दिवसांच्या आत तपासावी लागते, आता पॉझिटिव्ह आली तरी जन्माआधीचं की नंतरचं ते सांगता येत नाही. जन्मानंतर टाचेतून घेतलेला वाळलेला रक्ताचा थेंब कोणाला नंतर तपासून मिळालाय का?

ईसीजी आणि डोळे तपासून झाले, नॉर्मल आहेत. आता प्रश्न जेनेटिक टेस्ट आधी की एमआरआय. एमआरआयला भूल द्यावी लागेल त्यामुळे जीव घाबरतो, पण आतल्या कानाच्या रचनेत दोष असेल तर काही मुलांचं डोक्याला मार लागून ऐकणं आणखी कमी होतं म्हणे, आणि ही तर दिवसभर सोफ्यावर चढते. जेनेटिकमध्ये उत्तर मिळालं म्हणून स्कॅन टळला असं कोणाचं झालंय का? आणि रिपोर्ट निगेटिव्ह आल्यावर पुढे काय केलंत तेही प्लीज सांगा.